शेगडी वाढव

१२ नोव्हेंबर

चि. धाकटी,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसलो की काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुझी ताई होती तेव्हा ती सांगायची आणि मी लिहायचो. शेवटच्या ओळीतला आशीर्वाद तेवढा माझा असायचा. आता सगळं पत्रच माझ्यावर आलं आहे. तू फोन करा म्हणतेस, पण माझ्या उजव्या कानाने राजीनामा दिला आहे आणि डावा नोटिशीवर आहे. फोनवर मी नुसता 'हो, हो' म्हणत राहतो आणि पलीकडच्याला वाटतं मला कळलं.

बातमी चांगली आहे. चिरंजिवांची बदली इथल्या ऑफिसात झाली. महिनाअखेरीस तो, सूनबाई आणि भिंगरी माझ्याकडेच राहायला येत आहेत. नातीचं हे नाव तुझ्या ताईनेच ठेवलं होतं, सारखी गरगर फिरते म्हणून. आता ती तीन वर्षांची होईल.

मी घर तयार करायला घेतलं आहे. म्हणजे रंगरंगोटी नव्हे, लहान मूल येणार म्हणून सुरक्षित करायला. इतकी वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये रंगाची आणि थिनरची पिंपं सांभाळली, येणाऱ्याजाणाऱ्याच्या खिशातल्या काडेपेट्या दारावर काढून घेतल्या, त्यामुळे कुठे काय पेटेल ते मला दिसतं. पण मूल काय ओढेल आणि तोंडात काय घालेल, ते खातं तुझ्या ताईचं होतं. तिला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारतो.

गॅसची नळी बदलून घेतली. सरबताच्या बाटलीत भरून ठेवलेलं रॉकेल टाकून दिलं. त्यावरून आमचं दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं. 'बाटलीवर फुली मारली आहे की,' असं हिचं म्हणणं. भिंगरीला फुली वाचता येणार नाही. फिनेल आणि ॲसिड वरच्या फळीवर गेलं. बाल्कनीतला स्टूल आत आणला. टेबलावरचा हिने विणलेला टेबलक्लॉथ काढला, कारण मूल टोक ओढतं आणि वरचा गरम चहा त्याच्या अंगावर येतो. शेगडीजवळच्या खिळ्यावर हिचं हात पुसायचं फडकं असायचं. ते तिथून हलव म्हणून मी जन्मभर सांगितलं. परवा मीच काढलं. धुतलं नाही, घडी करून ठेवलं.

औषधांची पिशवीही पलंगाजवळच्या खणात तशीच होती. ती केमिस्टकडे नेऊन दिली. घर सुरक्षित करायचं म्हणजे एकेक करून हिच्या वस्तू हलवायच्या, हे सुरुवात करताना माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आजारात ही पलंगावरून रोज विचारायची, 'शेगडी वाढवलीत ना हो?' मी उठून बघायचो, सिलिंडरची चावीही फिरवायचो आणि येऊन सांगायचो, 'वाढवली.' मग ती डोळे मिटायची. आता कोणी विचारत नाही. मी बघून येतो आणि खोलीत येऊन सांगतो.

तुझी मुलं लहान असताना तू काय काय उचलून ठेवलं होतंस, ते आठवेल तसं कळव.

तुझा,
भावोजी

२० नोव्हेंबर

बंबवाले भावोजी,

तुम्हाला हे नाव ताईने दिलं होतं, मी नाही, तेव्हा माझ्यावर डोळे वटारू नका. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईला म्हणाली होती, 'नवरा चांगला आहे ग, पण घरात येतो तो आगीचा बंब आल्यासारखा. आधी सगळीकडे वास घेतो.'

काय काय उचललं होतं म्हणून विचारता? ते आठवत नाही. काय उचलायचं राहिलं ते मात्र सगळं आठवतं. थोरल्याने नाकात शेंगदाणा घातला. धाकट्याने प्लगच्या भोकात चमचा घातला आणि कोपऱ्यात जाऊन पडला. मी त्याला उचलून छातीशी धरते आहे, आणि आमचे हे म्हणतात कसे, 'वीजमंडळात नोकरी करणार बघ हा.' लागला बँकेत.

एकच गोष्ट सांगते. उभ्याने घर तपासू नका. गुडघ्यांवर बसा आणि रांगत सगळं घर फिरा. तिला जे दिसणार ते तुम्हाला उंचीवरून दिसायचं नाही. गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत. आणि बादलीत पाणी भरून ठेवायची तुमची सवय सोडा. आगीसाठी ठेवता हे मला माहीत आहे, पण तेवढ्या पाण्यातही मूल पालथं पडतं. रिकामी करून उलटी ठेवा.

फडकं धुतलं नाहीत ते बरं केलंत. माझ्याकडे ताईचा एक स्वेटर आहे. तोही मी धुवायला टाकत नाही. सून म्हणते वास येतो. म्हटलं, येऊ दे बाई, त्यासाठीच ठेवलाय.

भिंगरीला पापा. तुमच्या पत्रात ताईचा आवाज येतो, म्हणून लवकर लिहा.

धाकटी

१७ डिसेंबर

चि. धाकटी,

तू सांगितल्याप्रमाणे रांगलो. समोरच्या बाल्कनीतल्या बाईंनी बघितलं. त्यांना काय वाटलं असेल ते विचारायला गेलो नाही. कपाटाखाली हिची विणायची सुई सापडली. मागच्या थंडीत हिने त्या सुईसाठी घर डोक्यावर घेतलं होतं आणि मीच कुठेतरी ठेवली असा आरोपही केला होता. सुई कपाटावर ठेवली आहे. आरोप आता मागे घ्यायला कोणी नाही.

मंडळी येऊन पंधरवडा झाला. घर भरल्यासारखं वाटतं. भिंगरी सकाळी माझ्या खोलीत येऊन माझी पापणी बोटाने वर उचलून बघते, आजोबा आत आहेत का ते. स्वयंपाकघराच्या छताला मी धुराचा अलार्म बसवला आहे. चिरंजीव म्हणाले, 'बाबा, तो वाजला तर तुम्हाला ऐकू येणार आहे का?' म्हटलं, तो शेजाऱ्यांसाठी आहे.

सूनबाई चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. दिवसभर उभं राहून येते आणि आल्यावर पदर खोचून स्वयंपाकाला लागते. कामाला चोख आहे. पण आमचं बोलणं फार होत नाही. मला बोलता येत नाही हे तुला माहीतच आहे. पूर्वी बोलायचं काम ही करायची आणि मी शेजारी असायचो. तेवढ्यात माझं भागायचं. आता जेवताना आम्ही दोघं एकमेकांना मीठ देतो, आणि तेवढंच होतं.

मी सांगतो ते सगळं ती ऐकते. पॅनचा दांडा आत वळव, चहाचा कप काठाला ठेवू नकोस, इस्त्रीची वायर लोंबू देऊ नकोस, तेल गॅसवर असताना फोन घेऊ नकोस. ती 'हो बाबा' म्हणते आणि करते. पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. रागावत असेल का? मला आपुलकी दाखवायची दुसरी रीत माहीत नाही. हिला ती कळायची. 'बंबाला पाझर फुटला,' असं म्हणायची.

भिंगरी तुला 'धाकटी आज्जी' म्हणते. फोटो दाखवून शिकवलं आहे.

तुझा,
भावोजी

२८ जानेवारी

भावोजी,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. म्हटलं थंडी आहे, पडले असतील पांघरूण घेऊन. काल राहवेना म्हणून भाच्याला फोन केला, तर तो तुटक बोलतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं की स्वयंपाकघरात आग लागली, सूनबाईचा हात भाजला आणि ती भिंगरीला घेऊन माहेरी गेली आहे. 'बाबांचं आता वय झालं, मावशी,' एवढंच म्हणाला. वय झालं म्हणजे काय झालं? वय माझंही झालं. मी काय घरं पेटवत फिरते?

तुमच्या घरात आग! देवळात चोरी झाली म्हटलं तरी मी इतकी दचकले नसते.

मला सगळं सरळ लिहा. काय झालं, कोण काय म्हणालं, जसंच्या तसं. लपवाल तर मी गाडीत बसून येईन, आणि मी आले की महिनाभर हलत नाही हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

धाकटी

५ फेब्रुवारी

चि. धाकटी,

तुला कळवायचं टाळलं. ताईच्या माघारी घर नीट राहिलं नाही, हे तुला कोणत्या तोंडाने कळवणार होतो.

तू म्हणतेस तसं जसंच्या तसं लिहितो. संध्याकाळची वेळ होती. सूनबाई तळत होती. दाराची बेल वाजली म्हणून ती दाराशी गेली, कुणीतरी पार्सल घेऊन आलं होतं. मी माझ्या खोलीत होतो. कान गेले तरी नाक आहे, तेल करपल्याचा वास आला. मी पॅसेजमध्ये आलो तोवर अलार्म ऐकून सूनबाईही धावत शेगडीपाशी पोचली होती. कढईतून निळा धूर निघत होता. भिंगरी बाहुली धरून स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

मी ओरडलो, 'शेगडी वाढव! आधी शेगडी वाढव!' तिने माझ्याकडे वळून बघितलं. तिच्या ओठांवरून मला कळलं, ती विचारत होती, 'वाढवू?' मी म्हणालो, 'विचारतेस काय, वाढव!' आणि तिने बटण पूर्ण फिरवून आच भरकन मोठी केली. तेल पेटलं. ज्वाळा वरच्या फळीपर्यंत गेली. ती घाबरून कढई उचलायला गेली, तिथे तिचा हात भाजला. मी भिंगरीला मागे लोटलं, सूनबाईला बाजूला ओढलं, कढईवर मोठं झाकण टाकलं आणि चावी फिरवली. पाणी नाही घातलं. तेलाला पाणी लागलं असतं तर घर राहिलं नसतं. तिचा हात बराच वेळ नळाखाली धरून ठेवला. तो तिने मला धरू दिला.

चिरंजीव आल्यावर ती त्याला म्हणाली, 'बाबांनीच गॅस मोठा करायला सांगितला.' मी म्हणालो, मी 'मोठा कर' असं म्हणालेलो नाही, कसं म्हणेन? ती म्हणाली, 'दोनदा म्हणालात. मी पुन्हा विचारलं होतं.' खोटं बोलणारी मुलगी नाही ती. तिचा चेहरा मी बघितला आहे.

मग चिरंजीव मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी केलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. पण मुलाच्या डोळ्यांतली शंका गेली नाही, आणि आता मलाही खात्री वाटत नाही. जीभ भलतंच बोलली आणि कानांनी ऐकलं नाही, असं झालं असेल का? असं होतं म्हणतात.

सूनबाईने निरोप पाठवला आहे की भिंगरीला बाबांजवळ एकटं ठेवायचं नसेल तरच ती येईल. तिचं बरोबर आहे. पण घरात आजोबा आणि मधे पहारा, असं त्या पोरीने का राहावं? गावाबाहेर म्हाताऱ्या माणसांसाठी एक निवास आहे, तिथे मी चौकशी करून आलो. खोली स्वच्छ आहे. स्वयंपाकघर नाही, जेवण ताटात येतं. शेगडीच नाही म्हटल्यावर माझ्याकडून काही होण्याचा प्रश्न नाही. एक तारखेपासून जावं म्हणतो. म्हणजे मंडळींना घरात मोकळेपणी येता येईल.

सकाळी पापणी कोणी उचलत नाही. मी बराच वेळ डोळे मिटून पडतो, तरी नाही.

भावोजी

९ फेब्रुवारी

भावोजी,

कुठेही जायचं नाही. पिशवी भरली असेल तर रिकामी करा.

तुमचं पत्र मी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग आमच्या सुनेला हाक मारली आणि म्हटलं, 'ऐक ग, मी तुला म्हणाले शेगडी वाढव, तर तू काय करशील?' ती म्हणाली, 'आच मोठी करीन. का?' मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू आलं. ती बिचारी पाणी आणायला धावली.

अहो, जगात सगळे लोक 'वाढव' म्हणजे मोठी कर असंच समजतात! बंद कर या अर्थाने तो शब्द फक्त आमच्या आईच्या घरातला. दिवा वाढव म्हणायची रीत पुष्कळ घरांत होती, विझव म्हणणं वाईट म्हणून. पण आमची आई त्यातही एक पाऊल पुढे. तिने चूल वाढवली, स्टोव्ह वाढवला, गॅस आला तर तोही वाढवला. विजेचा दिवासुद्धा, 'वाढवा आणि झोपा ग कार्ट्यांनो.' मोठी करायची तर मोठी कर म्हणायचं. आम्हा बहिणींना मोठं होईपर्यंत माहीतच नव्हतं की बाहेर उलटं असतं.

मी सासरी आले त्याच आठवड्यात दिराला म्हटलं, 'कंदील वाढवा.' त्यांनी वात वर केली. मी पुन्हा म्हटलं, 'अहो, वाढवा की.' त्यांनी आणखी वर केली. काच काळी झाली आणि तडकली. सगळं घर मला हसलं. आमचे हे तर सर्वांत जास्त. त्या दिवसापासून मी तो शब्द जिभेवरून उतरवला तो आजपर्यंत.

ताईने उतरवला नाही. का, ते मला आज कळलं. ती पहिल्यांदा तुम्हाला 'शेगडी वाढवा' म्हणाली असेल तेव्हा तुम्ही हसला नसणार. तुम्ही तो उचललात. इतका उचललात की आता तुम्हाला तो स्वतःचाच वाटतो, परक्या घरून आलेल्या मुलीला तो कळणार नाही हे तुमच्या डोक्यातही येत नाही. तुमची जीभ भलतं काही बोलली नाही हो. ती ताईचं बोलली. मी पत्रात 'वाढव' वाचलं आणि मला वाटलं, ताईच आतून ओरडली.

सूनबाईला फोन करून मी आत्ता सांगू शकते. हात शिवशिवतायत. पण हे तिला तुमच्याकडून कळायला हवं. लिहा तिला. डोकं ठीक आहे हे सिद्ध करायला लिहू नका. काय झालं तेवढं लिहा.

तुमची धाकटी

१३ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

हात कसा आहे? मलम लावत असशील. खपली ओढू नकोस.

धाकट्या मावशींकडून एक गोष्ट समजली ती तुला कळवतो. तुझ्या सासूबाईंच्या माहेरी शेगडी बंद करण्याला 'वाढवणे' म्हणत. लग्न झाल्यापासून मी तो शब्द ऐकत आणि बोलत आलो. त्या दिवशी मी तुला बंद कर म्हणत होतो. तू ऐकलंस तेही बरोबर होतं आणि केलंस तेही. मी 'मोठा' म्हणालो नाही हे खरं, आणि तुला मी मोठा करायला सांगितला हेही खरं. तुझं काही चुकलं नाही. हे मी चिरंजिवांनाही सांगितलं आहे. ते म्हणाले, 'आईच्या तोंडी हा शब्द लहानपणी ऐकला होता, पण हिने नुसतं मोठा म्हटल्यावर तो आठवलाच नाही.'

परत ये असा आग्रह करत नाही. तुला योग्य वाटेल तेव्हा, आणि तुला योग्य वाटेल तसं.

भिंगरीच्या बाहुलीचा एक बूट इथे राहिला आहे. जपून ठेवला आहे.

बाबा

२० फेब्रुवारी

बाबा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते. मला पत्र लिहायची सवय नाही.

तुमचं पत्र वाचून मी आधी माझ्या आईवर चिडले. ती म्हणाली, 'असा कुठे शब्द असतो का?' मी म्हटलं, 'बाबा म्हणतात म्हणजे असतो.' म्हटल्यावर माझं मलाच नवल वाटलं. त्या दिवशीही नेमकं हेच झालं होतं.

मला दिसत होतं बाबा, तेल पेटायला आलं आहे. लहान मुलालाही कळलं असतं. तरी मी आच मोठी केली. कारण तुम्ही म्हणालात, आणि मला वाटलं, आगीतलं यांना कळतं, काहीतरी कारण असेल. आल्या दिवसापासून मी तुमच्या स्वयंपाकघरात परीक्षेला बसल्यासारखी वावरत होते. दांडा आत, कप मध्ये, वायर वर. तुम्ही सांगायच्या आधी करायचं म्हणून मी सकाळी उठल्यावर मनात उजळणी करायचे, तरी काहीतरी राहायचंच. मला वाटायचं, तुम्हाला आईंच्या जागी मी उभी असलेली बघवत नाही. त्या संध्याकाळी माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास राहिला नव्हता. दिवसभर मी लोकांना विचारते, 'आता स्पष्ट दिसतंय का?' आणि स्वतःला विचारायचं राहिलं. भिंगरी दारात उभी असताना! मी निघून आले ती तुमच्यावर रागावून, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला माझीच भीती वाटली होती.

मावशींनी फोन केला होता. तुम्ही सांगू नका म्हणाला असाल तर त्यांना बोलू नका. आईंच्या पुष्कळ गोष्टी सांगितल्या. 'ते जेव्हा दांडा आत वळव म्हणतात ना, तेव्हा ते तुला जेवलीस का विचारत असतात,' असं म्हणाल्या. मला हे कुणी आधी का नाही सांगितलं?

आम्ही रविवारी येतो. भिंगरीला तुमच्याजवळ एकटं ठेवायला माझी काही हरकत नाही. पण एक अट आहे, आणि ती घालताना मला फार जड जातं आहे. आजपासून घरात शेगडीसाठी एकच शब्द हवा. 'बंद.' गॅस बंद, इस्त्री बंद, गिझर बंद. तो शब्द आईंचा आहे, आणि मी तुमच्याकडे काय मागते आहे ते मला कळतं. पण भिंगरी मोठी होईल, शेगडीपाशी उभी राहील. आगीसमोर तिला दोन अर्थांचा शब्द नको.

तुम्हाला नाही जमलं तरी आम्ही येऊच. पण जमवा.

तुमची,
सून

८ मार्च

चि. धाकटी,

मंडळी आली. मी सूनबाईला उत्तरात एकच ओळ पाठवली होती, 'कबूल आहे.' तिचं म्हणणं योग्य आहे. कारखान्यातही आमचा नियम हाच होता की पिंपावर एकच नाव हवं. तिथे कुणी दुसरं नाव लिहिलं असतं तर मीच त्याला धारेवर धरलं असतं.

नियम पाळतो. पहिल्या दोन-चार दिवसांत जीभ अडखळली. मी 'वा' म्हणालो की सूनबाई वळून बघायची आणि मी 'वा, छान वास येतोय' असं काहीतरी म्हणून निभावून न्यायचो. तिला ते कळलं. आता मी 'वा' म्हणालो की ती हसते. काल मी दांडा आत वळव म्हणालो तर म्हणाली, 'हो बाबा, जेवले मी.' मला काही समजलं नाही. तुझं काहीतरी कारस्थान दिसतं.

झोपण्याआधी शेगडी बघतो, खोलीत येऊन 'बंद केली' असं सांगतो. ते बोलताना माझ्या तोंडून दुसरंच कोणी बोलतं असं वाटतं. हिला कळत असेल, पण तिची चिडचिड होत असेल. इतर वस्तू मी हलवल्या त्या कुठे ठेवल्या ते मला माहीत आहे. शब्द कुठे ठेवायचा असतो ते मला माहीत नाही.

काल संध्याकाळी लाइट गेले. मी मेणबत्ती ताटलीत पाणी घालून टेबलाच्या मध्यावर ठेवली, पडदा लांब सारला, काड्या खिशात टाकल्या. आम्ही चौघं भोवती बसलो. चिरंजीव भिंतीवर सावल्यांचे प्राणी करत होते. त्याला एकच प्राणी येतो, आणि तो ससा आहे का कुत्रा यावर भिंगरीचा आणि त्याचा वाद चालला होता. थोड्या वेळाने लाइट आले. सूनबाई भिंगरीला म्हणाली, 'चल, आता ही बंद कर.' आणि स्वतःच थांबली.

'बाबा, मेणबत्तीला बंद कसं म्हणायचं? हिला कुठे बटण आहे?'

मी म्हणालो, 'लोक दुसरं काहीतरी म्हणतात.'

'काय म्हणतात?'

तो दुसरा शब्द या घरात कधी कोणी उच्चारला नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सूनबाईने माझ्याकडे बघितलं. मग ती उठली, भिंगरीला घेऊन माझ्या डाव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी येऊन बसली आणि म्हणाली, 'मेणबत्तीची आच काही मोठी करता येत नाही. इथे चालेल.' आणि भिंगरीला म्हणाली, 'वाढव ग ती, राणी.'

भिंगरीला शब्द नवा होता. पण आईचे फुगलेले गाल बघून तिला कळलं. पहिल्या फुंकरीला नुसती थुंकी उडाली. दुसऱ्या फुंकरीला वाढली. मी तिचे केस ज्योतीपासून मागे मुठीत धरले होते. ते सोडायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. धूर विरला, चिरंजीव उठून गेले, तरी मी धरूनच होतो. शेवटी ती म्हणाली, 'आजोबा, सोड की आता,' तेव्हा सोडले.

तुझा,
भावोजी